ऑफ तास

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी भाची फरशीवर पालथी पडून नवं वेळापत्रक उतरवून घेत होती. गणित, विज्ञान आणि इंग्रजी लाल पेनने. मराठी, हिंदी निळ्याने. इतिहास-भूगोल चक्क पेन्सिलीने. आणि कोपऱ्यात मुंग्यांएवढ्या अक्षरांत ‘चि.’, ‘पी.टी.’ आणि कार्यानुभवाचा ‘का.’.

‘‘चित्रकला एवढी बारीक का गं?’’

‘‘तो तास होतच नाही, आत्या.’’

म्हणजे अजूनही तेच. आमच्या वेळी चित्रकलेचे सर दारातून आत यायचे आणि त्यांच्या मागोमाग गणिताच्या बाई. ‘‘सर, पोर्शन राहिलाय हो, एवढा तास द्या.’’ सर बिचारे हसून रंगीत खडूंचा डबा काखेत मारून परत. पी.टी.चं तेच. मैदानावर जायला रांग लावलेली, बूट-बिट घातलेले, आणि ऐनवेळी फळ्यावर त्रिकोण. एवढ्या वर्षांच्या शाळेत पी.टी.चे सर गणिताच्या बाईंकडे तास मागायला आलेत, हे दृश्य काही मी पाहिलं नाही. कुठला विषय महत्त्वाचा हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. कुणाचा तास कोण घेतं, एवढं बघितलं की कळतं.

अवघड-सोपं हे मात्र ज्याचं त्याचं. मला भूगोल अवघड जायचा, त्याचं कारण मधली सुट्टी. भूगोलाचा तास कायम डबा खाल्ल्यावर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात, वर पंखा गरम हवा ढवळतोय, खिडकीबाहेर सोलापूरचं ऊन. अशात बाई संथ आवाजात वाचायच्या. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय’ याची व्याख्या आम्ही त्या प्रदेशात बसून, घाम पुसत पाठ करत होतो. उजनी धरण भीमेवर आहे हे झोपेतही सांगितलं असतं, आणि पुष्कळदा झोपेतच सांगितलं. घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी का येतं, हा प्रश्न कधी स्वाध्यायात आला नाही.

माझ्या बाकावरची मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू. तिला गणिताची अजिबात भीती नव्हती. तिला मराठी नडायचं. खुर्ची ती, बाक तो आणि टेबल ते, हे कशावरून ठरलं, असं ती मला विचारायची. मी काय सांगणार? मला ते फुकटात मिळालेलं. मागच्या बाकावरची कन्नड बोलणारी मुलगी मान डोलवायची, तिलाही तीच पंचाईत. आम्ही बाकीच्या मराठीच्या पेपराला कादंबरी वाचून जायचो आणि या दोघी व्याकरणाची पानंच्या पानं घोकून यायच्या. आकड्यांना लिंग नसतं, ही गोष्ट तिला गणितात फार आवडायची.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिचे नान्ना, म्हणजे वडील, जमिनीवर भलामोठा ग्राफ पेपर पसरून बसले होते. लाल पेन्सिलीने एकेक चौकोन भरत होते. जरा लांब जाऊन पाहिलं तर मोराची मान दिसायला लागली. उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा. भरलेल्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडणार, ती कार्डं मागावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढणार, आणि भोकं सांगतील तेवढेच धागे वर उचलले जाणार. एक चौकोन चुकला तर प्रत्येक चादरीत मोराला तिथंच खोड. म्हणून ते भरण्यापेक्षा जास्त वेळ नुसते बघत बसायचे. मधेच खोडरबर मागायचे. पलीकडच्या कारखान्यात मागांचा खडखडाट चाललेला, तेव्हा मागायचे म्हणजे हात पुढे करायचे.

तसलाच ग्राफ पेपर शाळेत आम्हाला बीजगणितात भेटला. त्यावर आम्ही दोन रेघा काढायचो आणि त्या कुठं छेदतात ते लिहायचो. बाई म्हणायच्या, ‘‘याचा पुढं उपयोग होतो.’’ कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि हे त्या कुठल्या तासाला शिकवत होत्या, तर चित्रकलेच्या!

इतिहासाची तर तऱ्हाच न्यारी. दर 12 जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे आमची प्रभातफेरी जायची. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. 1931 साली त्याच तारखेला येरवड्यात फाशी गेलेले आमच्या गावचे चौघे. थंडीत घोषणा देताना घसा बसायचा आणि अंगावर काटाही यायचा. आजोबांच्या तोंडी ‘मार्शल लॉच्या वेळी’ हे शब्द असे यायचे, जणू 1930 चा मे महिना मागच्याच उन्हाळ्यात होऊन गेला. पण परीक्षेत ‘टीप लिहा: सोलापूरचा सत्याग्रह’ आलं की अर्धा वर्ग तो प्रश्न ऑप्शनला टाकायचा. घरचंच आहे, त्याचं काय पाठ करायचं! मग लिहिताना सनावळी आठवायची नाही. त्यापेक्षा फ्रेंच राज्यक्रांती बरी, ती निदान ‘अपेक्षित’मध्ये मुद्द्यांसकट छापलेली होती.

चित्रकलेला अलीकडे थोडे दिवस चांगले आलेत म्हणे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला 7 मार्क वाढीव. तेव्हापासून आमच्या वहिनीलाही स्थिरचित्र आणि संकल्पचित्र यांतला फरक कळायला लागलाय. भाची आठवड्यातून दोन संध्याकाळी चित्रकलेच्या क्लासला जाते. शाळेतल्या ‘चि.’च्या तासाला अजून गणितच होतं. मग गणिताचा क्लास कशाला लावलाय, असं विचारलं तर वहिनी म्हणाली, ‘‘असू दे ओ, दहावीला बरं असतंय.’’ याला उत्तर नाही.

भाचीला सगळ्यात अवघड काय जातं? सेमीतली पोरगी. ‘‘मराठी,’’ म्हणाली. घरात आम्ही दुसरं काहीच बोलत नाही.

माझं म्हणाल तर भूगोल अजून कच्चाच आहे. कुणी दिशा विचारली की मी आधी पूर्व भाग कुठल्या बाजूला ते आठवते आणि तिथून बोट फिरवत उरलेल्या तीन काढते. गावाबाहेर गेलं की पंचाईत होते, पण मी फारशी जात नाही.