परळ ते बोरिवली, रीफ टँकसह: 'एका दिवसाचं काम' यावर विश्वास ठेवू नका

घर बदलताना मला माझा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, हलवावा लागला. तुम्हालाही हलवायचा असेल तर आधी एक साधा हिशोब करा, मग टेम्पो ठरवा. टँकमध्ये आरओचं पाणी मीठ कालवून भरतात. आरओच्या मेम्ब्रेनवर दिवसाला ७५ गॅलन लिहिलेलं असतं. म्हणजे सगळं मनासारखं चाललं तर चोवीस तासांत २८४ लिटर. माझ्या नव्या चार फुटी टँकला सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून सव्वाचारशे लिटर पाणी लागतं. दीड दिवस तर नुसत्या पाण्यालाच गेला. टँक बसवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं होतं, तो वर्षानुवर्षं हेच करतो. पण मला तो म्हणाला, "मॅडम, एका दिवसाचं काम. सकाळी आठला उचलू, दुपारी दोनला मासे नव्या टँकमध्ये." मी मान डोलावली आणि मे महिन्यातला शनिवार ठरवून टाकला.

मे महिना ही माझी चूक. घराचा ताबा कधीही मिळो, टँक डिसेंबर-जानेवारीत हलवा. नाहीच जमलं तर पहाटे चारला निघा.

परळच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, माझा अडीच फुटी टँक चार वर्षं होता. क्लाउन माशांची जोडी, त्यांचं बबल टिप अॅनिमोन (दगडाला चिकटून राहणारा मऊ प्राणी), एक क्लीनर कोळंबी, बाकी झोआ, मशरूम आणि एक मोठं लेदर, ही मऊ प्रवाळं. उतरवायला साडेचार तास लागले, पण ते काम नीट झालं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोनच गोष्टी. अॅनिमोनला दगडावरून सोडवायच्या फंदात पडू नका, अख्खा दगड उचला. त्याचा पाय फाटला तर ते मरू शकतं. आणि झोआचे दगड हाताळताना हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते जबर विष आहे. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने धुवायचा विचारसुद्धा करू नका, त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.

जुनं पाणी शंभर लिटर सोबत घेतलं, झाकणाच्या ड्रममध्ये. टँक बसवणारा म्हणत होता, "कशाला ओझं? तिकडे पाणी तयार आहे." मी ऐकलं नाही. त्या दिवशी मी केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि पुढचे तीन दिवस तिच्यावरच निघाले.

पावणेएकला छोटा हत्ती निघाला. मासे आणि अॅनिमोन थर्माकोलच्या नव्या खोक्यात, सेलवर चालणारा एअर पंप लावून, आणि ते खोकं पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर. थर्मामीटरची वायर आत सोडलेली. परळला २६.५ अंश. माहीमपर्यंत ठीक. कलानगरला हायवेवर चढलो आणि गाड्या थांबल्या.

कलानगर ते जोगेश्वरी एक तास पंचवीस मिनिटं लागली. हा पट्टा मी विसरणार नाही. वाकोल्याला २८. विमानतळाच्या पुलाआधी २९.२. विलेपार्ल्याला ३०.४. मी झाकण बोटभर उघडून बघत होते. नर क्लाउन कोपऱ्यात अॅनिमोनला अंग चिकटवून उभा, कल्ले भराभर उघडमीट करत होते, आणि मादी त्याच्या वर, पंपाच्या बुडबुड्यांत तोंड घालून. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यातच अॅनिमोनही श्वास घेतंय. ड्रायव्हरने एकदा खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पाणी थंड करायचंय ना? थांबा." सिग्नलला गाड्यांमधून फिरणाऱ्या पोराकडून त्याने थंड पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या घेतल्या. एक खोक्यात तरंगत सोडली. वीस मिनिटांत २९.६. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही घरूनच अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या गोठवून न्या, एका वेळी एकच सोडा, बाटलीचं झाकण न उघडता. नुसता बर्फ पाण्यात टाकायचा नाही, खारटपणा उतरतो.

सव्वातीनला बोरिवली. सोसायटीच्या गेटवर बसवणाऱ्याची माणसं उभी. ठरलेले पैसे बारा हजार, सगळं धरून. गेटवर 'ड्रमची हमाली वेगळी' म्हणून अडीच हजार. लिफ्ट चालू असताना! वर गेले तर पाण्याचेही वेगळे, लिटरला आठ रुपये, सव्वाचारशे लिटरचे. आणि टँकमध्ये पाहिलं तर पाणी तिसऱ्या हिश्श्याइतकंच, जेमतेम दीडशे लिटर. मीठही घातलेलं नाही. शुक्रवारी रात्रीपासून आरओ चालू होता, हे खरं. पण आम्ही चौदाव्या मजल्यावर, गच्चीची टाकी डोक्यावरच, नळाला दाब नाही. दाब नसला की मेम्ब्रेनमधून पाणी बरंच कमी येतं, उरलेलं मोरीत जातं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी बूस्टर पंप लावा, मग आरओ. मी दीडशे लिटरचेच पैसे दिले, बाराशे. हमालीचे मात्र द्यावे लागले, खोकी उन्हात खाली उभी होती. एकूण पंधरा हजार सातशे. सगळं कागदावर लिहून घ्या: पाणी किती लिटर, कधी तयार, खारटपणा किती, हमाली कोणाची.

मग वाळू. याबद्दल मला अजून राग येतो. "जुनी वाळू घ्या, त्यात जिवाणू असतात, सायकल लगेच होते," म्हणजे टँक माशांसाठी लवकर तयार होतो, असं बसवणारा पहिल्या दिवसापासून सांगत होता. जिवाणू असतात, पण ते दगडावर आणि सम्पमध्येही भरपूर असतात. चार वर्षं न हललेल्या वाळूच्या तळाशी मात्र कुजलेला मैला साठलेला असतो. त्याच्या पोराने बादली नव्या टँकमध्ये उपडी केली, काळे पट्टे पाण्यात पसरले, आणि खोलीभर नासक्या अंड्यांचा वास. मी ओरडेपर्यंत त्याने कोळंबीची पिशवीही त्यात सोडली होती. मीठ नुकतंच ओतलेलं, पाणी दुधासारखं पांढरं. संध्याकाळी अमोनिया मोजला, १ पीपीएम; हवा शून्य. कोळंबी रात्री तळाशी एका बाजूला पडली, सकाळी गेली. चार वर्षं ती माझ्या हाताची नखं साफ करायला यायची.

जुनी वाळू फेकून द्या. सगळी. नवी घ्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

जाताना तो म्हणाला, "मोठा टँक आहे, एक ब्रेन कोरल देतो, स्वस्तात." ते कठीण प्रवाळ. नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं आहेत. कोस्टल रोडसाठी २०२० साली वरळी-हाजीअलीच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तर पालिकेलासुद्धा आधी परवानगी काढावी लागली. दुकानात कोणी बिनधास्त विकतो म्हणून ते कायदेशीर होत नाही.

बाकी सगळ्यांना मी त्या शंभर लिटरच्या ड्रममध्ये ठेवलं. दगड, मासे, अॅनिमोन, लेदर, एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), एसी २४ वर. वेव्हमेकरला जाळी बांधा, जागा शोधत फिरणारं अॅनिमोन पंपात गेलं तर त्याचा चिखल होतो आणि सगळं पाणी नासतं. कांदिवलीच्या एका दादांनी रात्री साडेदहाला वीस-वीस लिटरचे सहा जार स्वतः आणून दिले. पैसे घेतले नाहीत. त्या पाण्यात मीठ कालवून मी ड्रमचं थोडं थोडं पाणी बदलत राहिले.

मग टँक पूर्ण रिकामा केला, पुसला, बूस्टर लावला. सोमवारी रात्री पाणी भरलं, मीठ हळूहळू, पंप चालू ठेवून. मंगळवारी संध्याकाळी खारटपणा हजारी ३५, अमोनिया शून्य, तेव्हा दगड आणि मासे आत. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) ३५ च्या द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने जुळवलात तर नेमका खाऱ्या आकड्याला चुकतो. नवे लाइट पहिला आठवडा चाळीस टक्क्यांवर. चिलर घ्याच. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं थंड होत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

आणि वजन. चार बाय दोन बाय दोनचा टँक पाणी, काच, दगड धरून साडेसहाशे किलोंपर्यंत जातो. घराच्या जमिनीवरचा भार साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून काढलेला असतो. टँक तुळईच्या वर, भिंतीला लागून ठेवा, आणि इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा पक्की करू नका.

पुढचे दोन आठवडे निवांत गेले. लेदर नऊ दिवस मिटून होतं, अंगावर मेणासारखी साय धरली, मग ती गळली आणि दहाव्या दिवशी सकाळी ते पूर्ण उघडलं. तोवर त्याला हात लावू नका, जागा बदलू नका. परळचा अडीच फुटी टँक मी विकलेला नाही. धुऊन बाल्कनीत ठेवलाय, त्यात आता सतत साठ लिटर आरओचं पाणी तयार असतं.