खुल्या प्लॉटचा मालक राहतो कुठे?

आमची फर्म घरं बांधत नाही, विकतही नाही. नागपुरात बेसा-बेलतरोडीकडे एखाद्या लेआऊटमध्ये गवत माजलेला प्लॉट दिसतो. त्याच्या मालकाचा टपालाचा पत्ता शोधून ब्रोकरला किंवा बिल्डरला देणं, एवढाच आमचा धंदा. असंही काम असतं, हे सासरच्यांना पटवायलाच बराच काळ गेला.

मालक प्लॉटवर सापडत नाही, कारण वर्धा रोडकडे मिहानच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पाच्या आशेने प्लॉट घेणारे पुष्कळजण रेल्वेतले, वेकोलितले (वेस्टर्न कोलफिल्ड्स), बँकेतले. पुढे बदल्या झाल्या, मुलं पुण्याला गेली, प्लॉट तिथेच राहिला. सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र मिळतं, टपालाचा पत्ता नाही. कित्येक लेआऊटचा सातबारा तर अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर. म्हणून मौजा आणि खसरा (सर्व्हे) नंबर घेऊन आम्ही नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा काढतो. तिच्यात घेणाऱ्याचा पत्ता असतो, पण खरेदीच्या दिवशीचा. नोंद २००४ ची असेल तर ते भाड्याचं घर कधीच सुटलेलं असतं. मग लेआऊटच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नाहीतर शेजारच्या बंगल्यातल्या काकू. काकूंना बहुधा सगळं माहीत असतं.

धरमपेठ, रामदासपेठेत गोष्ट वेगळी. तिथे जुना बंगला पाडून फ्लॅट स्कीम करायची असते आणि आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारलेल्या आजोबांचं नाव. वारस चार गावांत. हे काम आम्ही जास्त दराने घेतो.

पत्ते तपासायची सगळी पत्रं एकदम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी थोडी स्पीड पोस्टने पाठवतो आणि परत आलेली पाकिटं जपून ठेवतो. पोस्टमनने ‘घर बंद’ लिहिलं असेल तर महिन्याने पुन्हा पाठवायचं. ‘सोडून गेले’ असेल तर तो पत्ता यादीतून बाद. एका जुन्या पत्त्यावरची बरीच पाकिटं परत आली, की ती कर्मचारी वसाहत रिकामी झाली असं समजायचं.

मोबाईल नंबर मात्र आम्ही देत नाही. क्लायंट मागतातच, बाजारात याद्या मिळतातही. पण २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा बाजूला ठेवला तरी, दुपारी झोपमोड करणाऱ्याला कोण प्लॉट विकेल?

सध्या उमरेड रोडचं काम आहे. तिथे गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना तुकडे पाडून विकलेले लेआऊट बरेच. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र न मिळालेल्या मालकाला पाकीट गेलं, की तो ते नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) नोटीस समजून उघडतच नाही. आता पाकिटावर ठळक छापतो : ‘खाजगी पत्र, सरकारी नाही.’