तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळी अंक संपतो कसा?

“दिवाळी अजून आठवड्यावर आहे आणि अंक संपलासुद्धा? जास्त का मागवत नाही?” पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या गर्दीत कशीबशी गाडी लावून आमच्या पुस्तकांच्या दुकानात आलेला वाचक हे विचारतो, तेव्हा त्याचा राग मला पटतो. काउंटरवर उत्तर द्यायला उसंत नसते, म्हणून इथे सांगतो.

दिवाळी अंकांची मागणी आम्ही गणपतीच्या सुमारास ठरवतो. मुखपृष्ठही पाहिलेलं नसतं. हाताशी फक्त गेल्या वर्षीची वही: आले किती, गेले किती, परत किती. चाळीस आले, चाळीस गेले, म्हणजे चाळीस पुरतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. ते चूक होतं. वसुबारसेला संपलेले चाळीस वेगळे आणि भाऊबीजेला संपलेले चाळीस वेगळे. आता शेवटची प्रत गेल्याची तारीख लिहितो, आणि त्यानंतर विचारून गेलेल्या प्रत्येकामागे एक रेघ ओढतो.

तरी जास्त मागवत नाही, कारण हिशेब बसत नाही. ४०० रुपयांचा अंक ३० टक्के कमिशनने आला असं धरा. आम्हाला पडला २८०ला. तुम्हाला दहा टक्के सूट दिली की उरले ८०. परत न घेण्याच्या बोलीवरची एक प्रत पडून राहिली, तर साडेतीन प्रतींची कमाई तिच्यात गेली. कादंबरी पुढच्या वर्षीही विकता येते. अंकाला तुळशीच्या लग्नानंतर गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच.

एका वर्षी हे सगळं माहीत असूनही चाळीसचे साठ केले. वीस-वीसचे तीन गठ्ठे. फळीवर जागा नव्हती, म्हणून ते शटरच्या आत जमिनीवर राहिले. रात्री परतीचा पाऊस झाला आणि पायरीवरून पाणी आत आलं. सकाळी वरच्या प्रती कोरड्या दिसत होत्या, त्यामुळे गठ्ठे तसेच वाळत ठेवले. नुकसान पाण्यापेक्षा त्या वाळवण्यानं जास्त झालं. जाहिरातींची रंगीत पानं आर्ट पेपरची असतात. त्यावरचा लेप ओला झाला की मऊ पडतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरतो. मग पान उलटायला जावं तर छपाईसकट सोलून निघतं. ओलं असतानाच पान न् पान सुटं करून मध्ये कोरा कागद घालायला हवा होता. पण धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुकानात कोण शंभर-शंभर पानं सुटी करत बसणार? भिजलेला माल परत जात नाही. सव्वीस प्रती रद्दीत गेल्या.

तेव्हापासून गठ्ठा आला की आधी विटांवर टाकलेल्या फळीवर, जमिनीपासून वीतभर वर. सुतळी लगेच कापायची, नाहीतर वरच्या-खालच्या प्रतींच्या कडांना खाचा पडतात. प्रती तिथेच मोजायच्या, कमी निघाली तर त्याच दिवशी कळवायचं. अंक उभे ठेवायचे नाहीत, पोटात वाकतात. आडवे, दहा-दहाच्या थप्पीत.

पण पाऊस हे कारण झालं, उत्तर नव्हे, हेही मला कळतं. विटांवरची ही फळी तेव्हा असती तर साठ प्रती कोरड्या राहिल्या असत्या आणि कदाचित खपल्याही असत्या. त्या वर्षी संपल्यावर ओढलेल्या रेघा सतरा होत्या. त्यातले कितीजण दुसऱ्या दुकानातून अंक घेऊन गेले आणि कितीजणांनी नुसतीच चौकशी केली होती, हे रेघेवरून कळत नाही. यंदा पंचेचाळीस सांगितलेत. आकडा बरोबर आहे असं छातीठोक म्हणवत नाही.

एवढं मात्र करता येईल: घटस्थापनेपर्यंत नाव आणि फोन लिहून द्या. तुमची प्रत वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवतो. त्यानंतर ती काउंटरवर येते.