ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) चेकलिस्ट: टिकमार्क आणि प्रत्यक्ष तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ची. मुद्दे १९, टप्पे तीन: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांचे आकडे तपासले, तर म्हणावा असा फरक दिसला नाही. कागद तिथेही भरले जात होते. ओटी सिस्टर म्हणून मला याचं नवल वाटत नाही. केस सुरू व्हायच्या आधीच सगळ्या चौकटींत टिक करून ठेवलेला फॉर्म कुठल्याही ओटीत सापडतो.

यादी कामी येते ती प्रश्न कसा विचारला यावर. ‘तुम्हीच पाटील ना?’ म्हटलं की घाबरलेला पेशंट कशालाही मान डोलावतो. म्हणून पूर्ण नाव, ऑपरेशन कसलं आणि कुठल्या बाजूचं, हे त्याच्याच तोंडून वदवून घेते. बाजूची खूण पक्क्या मार्करनेच हवी. बॉलपेनची खूण स्पिरिट-बीटाडीनने पुसली जाते. ड्रेप (निर्जंतुक कापड) टाकल्यावरही ती दिसली पाहिजे. ५०० मिलीपेक्षा जास्त रक्तस्राव अपेक्षित असेल (लहान मुलांत किलोमागे ७ मिली), तर शिरेत दोन जाड लाइन (सलाइन-रक्त द्यायच्या नळ्या) आधीच घातलेल्या बऱ्या.

सगळ्यात जास्त घोळ अँटिबायोटिकचा. ‘दिलं का?’ला ‘दिलं’ हेच उत्तर येतं. वॉर्डातून निघताना दिलेलं असतं, आधीची केस लांबते आणि दोन तास उलटून जातात. त्यामुळे मी ‘किती वाजता?’ असंच विचारते. नेहमीचा डोस छेदाआधीच्या ६० मिनिटांत जायला हवा. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सावकाश सोडावं लागतं, म्हणून ते छेदाआधीच्या १२० मिनिटांत सुरू करायचं. गुडघ्याच्या केसला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा मांडीवरचा पट्टा) फुगवण्याआधी डोस पूर्ण गेला नसेल, तर औषध पायात पोचतच नाही.

तिसरा टप्पा हमखास बुडतो, कारण टाके पडत आले की सर्जनचे ग्लोव्ह्ज निघालेले असतात आणि भूलतज्ज्ञ पेशंटला जागं करण्यात गुंतलेले. यावर उपाय एकच: तो त्वचेच्या टाक्यांना सुरुवात होतानाच उरकायचा. मॉपची (रक्त टिपायच्या कापडी घड्यांची) मोजणी पोट बंद करायच्या आधी एकदा आणि त्वचेच्या वेळी पुन्हा. दोघी सिस्टरांनी, मोठ्याने, फळ्यावरचा आकडा बघून. आकडा जुळला नाही तर टाके थांबतात, सर्जन कितीही चिडोत. बायोप्सीचं लेबल बाटलीवर लावायचं, कारण झाकणं अदलाबदल होतात. आणि त्यावरचं नाव वाचून दाखवायचं. कॉटरीची (विजेने रक्तवाहिन्या डागून रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) केबल मध्येच बंद पडत असेल, तर तेही याच वेळी सांगून रजिस्टरात लिहायचं, नाहीतर पुढच्या केसला तीच केबल पुन्हा टेबलावर येते.