अर्ध्या त्रिकोणाची जागा

इस्तंबूलमधली एक संध्याकाळ नवऱ्याने कार्पेटच्या दुकानांना द्यायची ठरवली होती, मी म्हटलं तू जा बाबा, मी दिवा बनवायला चाललेय. सुलतानअहमदच्या गल्ल्यांमधून फिरताना दर दहा पावलांवर त्या रंगीत काचांच्या मोझॅक दिव्यांचं दुकान लागतं, छताला द्राक्षांच्या घडांसारखे दिवे लटकलेले आणि दारात वर्कशॉपची पाटी. पाटीवर 'पारंपरिक' पण लिहिलेलं असतं, ते आपण टुरिस्टच्या हिशोबाने समजून घ्यायचं.

कारण खरं जुनं मोझॅक मी सकाळीच आया सोफियाच्या, म्हणजे पूर्वी चर्च आणि आता मशीद असलेल्या त्या जुन्या इमारतीच्या, वरच्या गॅलरीत बघून आले होते. तेराव्या शतकातलं, मध्ये येशू, एकीकडे मेरी, दुसरीकडे येशूला बाप्तिस्मा देणारा जॉन, खालचा बराचसा भाग गळून गेलाय पण चेहरे असे की आत्ता मान वळवतील. त्या काळचे कारागीर सोनेरी तुकडे सपाट न लावता मुद्दाम जरा तिरके बसवायचे म्हणे, म्हणजे आपण चालू लागलो की उजेडही भिंतीवरून चालतो. मला वाटलं, तुकडे चिकटवायचे त्यात काय एवढं.

क्लासमध्ये प्रत्येकाला एक काचेचा गोळा, डिंकासारखा घट्ट ग्लू आणि समोर वाट्याच वाट्या. त्यात त्रिकोण, शंकरपाळ्यांसारखे तुकडे, टिकलीएवढे गोल, आणि एका वाटीत मोहरीएवढे मणी. आधी डिझाइन टेबलावर मांडून बघायचं आणि मग गोळ्यावर लावायचं. शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची, मला 'आब्ला' म्हणत होती, म्हणजे ताई. मावशीला त्यांच्यात 'तेयझे' म्हणतात, ते नाही म्हणाली म्हणून मी तिथेच अर्धी खूश.

टेबलावर माझं डिझाइन झकास जमलं होतं, लहानपणापासून ठिपक्यांच्या रांगोळ्या काढल्यात, एवढं तर येणारच. पण रांगोळी सपाट जमिनीवर असते, इथे गोळा. ग्लू मी सढळ हाताने घातलेला, त्यामुळे निळे शंकरपाळे हळूहळू खाली सरकायला लागले, एक धरला की दुसरा निघाला. मी चिडून भराभर दाबत सुटले तर ती शेजारी येऊन म्हणाली, "साबिर, आब्ला, साबिर." मी थांबलेच. सबुरी! आमच्या शिर्डीतली सबुरी इथे पण आहे? मग मोबाइलवर बघितलं तर साबुन, दुकान, पर्दे सगळेच ओळखीचे निघाले, आणि त्यांचा 'कंदिल' म्हणजे आपला कंदीलच. म्हणजे एवढे पैसे भरून मी परदेशात जाऊन कंदील करत होते, जो आमच्या चाळीत बाबा दर दिवाळीला बांबूच्या काड्या, खळ आणि जिलेटीनचा कागद घेऊन फुकट करायचे. त्यांचाही कधी एक कोपरा वाकडा व्हायचाच.

मग चहा आला, त्या मध्ये चिमटलेल्या छोट्या ग्लासात, त्याला ते 'बारीक कमरेचा' म्हणतात, तो पिऊन हात जरा थंडावले. शेवटची ओळ राहिली होती. लाल त्रिकोण लावत लावत गोळ्याला फेरी मारली आणि सुरुवातीच्या त्रिकोणाशी आले तर मध्ये अर्ध्या त्रिकोणाची जागा उरलेली. पूर्ण बसेना, रिकामी ठेववेना. मुलीने बघितलं, हसली, आणि चिमूटभर मणी तिथे भरून टाकले. मग तुकड्यांमधल्या फटींमध्ये पांढरं प्लास्टर, ओल्या स्पंजने पुसणं, आणि निघताना ती म्हणाली, "एलिनिझे सालिक", तुमच्या हातांना आरोग्य लाभो. काम कसं झालंय ते न बघता सुद्धा म्हणता येतं हे.

घरी आणला कपड्यांमध्ये गुंडाळून. तिथला होल्डर स्क्रूवाल्या बारीक बल्बचा आणि आमच्याकडे सगळे पिनवाले, त्या बल्बसाठी तीन दुकानं फिरले. दिवाळीत हॉलमध्ये लावला तेव्हा भिंतीवर निळे-लाल तुकडे पसरले, सगळे बघत राहिले. मी ती मण्यांची जागा गुपचूप भिंतीकडे करून ठेवलीय. सासूबाई मात्र येणाऱ्या प्रत्येकाला दिवा फिरवून दाखवतात, "आणि हे इथे बघा, इथे हिचं गणित चुकलं."