वडाच्या बुंध्यातली कडी

नवी मुंबईत सायकलवरून अर्ध्या दिवसाच्या सहली नेणे हा माझा व्यवसाय आहे. त्यांतल्या सर्वांत चालणाऱ्या सहलीत आम्ही पहाटे वाशीहून निघतो, पाम बीच मार्गाने बेलापूरच्या दिशेला जातो, खाडीकाठच्या एका गावठाणातला जुना वड पाहतो आणि दुपारच्या जेवणाआधी परततो. गावाचे नाव मी लिहिण्यात कधीच देत नाही, कारण नाव फुटले की दुसऱ्याच रविवारी तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते आणि गावकरी आधी मला जाब विचारतात. एका झाडासाठी सायकलची सहल काढावी हे मला मेक्सिकोतल्या अशाच सहलींबद्दल वाचून सुचले. तिथल्या वाहाका शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर सांता मारिया देल तुले या गावी चर्चच्या आवारात एक प्रचंड झाड आहे, आणि पर्यटकांना शहरातून सायकलने तिथे नेऊन आणणे हा तिकडे रीतसर धंदा आहे.

गेल्या फेब्रुवारीत अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ही सहल त्यांच्या सभासदांसाठी मागितली. सहा टँडेम सायकलींची सोय त्यांनीच केली होती. टँडेमवर पुढे बसणारा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, मागचा फक्त पेडल मारतो; मात्र दोघांची पेडले साखळीने एकमेकांना जोडलेली असल्यामुळे पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात, आणि हे न सांगता केले तर मागच्याच्या गुडघ्याला चांगलाच हिसका बसतो. त्यामुळे पुढच्याला अखंड बोलत राहावे लागते. गतिरोधक आला, पाय सोडतोय, डावीकडे वळतोय, बस पुढे घुसली आहे, असे सगळे काही घडण्याच्या आधी सांगायचे. मी नेहमी एकटा पुढे राहून मागच्यांना हातवारे करणारा माणूस आहे. त्या दिवशी माझ्या मागच्या सीटवर वेताच्या खुर्च्या विणण्यात हयात घालवलेले, सत्तरीच्या पुढचे एक काका होते आणि सानपाडा यायच्या आतच त्यांनी मला सुनावले, “खड्डा गेल्यावर सांगू नका हो, तो मला कळतोच.”

पाम बीच मार्गावर रविवारी सकाळी सायकलवाल्यांची वर्दळ असते आणि रस्ता सपाट असल्याने टँडेमची लांबी तिथे जाणवत नाही. ती जाणवते वळणावर, कारण साध्या सायकलपेक्षा तिला वळायला बरीच जास्त जागा लागते. नेरूळच्या पाणथळीवर आम्ही थांबलो. ठाणे खाडीत भरती आली की चिखलाची मैदाने बुडतात आणि तिथे चरणारे रोहित पक्षी विसावण्यासाठी आतल्या उथळ पाणथळींवर येतात, म्हणून या सहलीची वेळ मी भरतीचे कोष्टक पाहून ठरवतो. एरवी मी लोकांच्या हातात दुर्बीण देतो. त्या दिवशी सगळे जण कठड्याला टेकून नुसते ऐकत उभे राहिले. बदकांच्या कलकलाटासारखा तो घोगरा आवाज थव्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसा सरकतो हे बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी बोटाने दाखवले, आणि थवा त्याच दिशेने चालत होता.

वडापाशी पोहोचलो तेव्हा माझी खरी पंचाईत झाली. या जागेसाठी माझे एक ठरलेले भाषण आहे आणि ते पूर्णपणे डोळ्यांवर बेतलेले आहे: वर पाहा, केवढा विस्तार, इथून फोटो घ्या, त्या फांदीची जाडी बघा. ते सगळे बाजूला ठेवून मी फलक वाचून दाखवला. गावच्या मंडळाने लावलेल्या त्या फलकावर ‘५०० वर्षांपूर्वीचा ऐतिहासिक वटवृक्ष’ असे रंगवलेले आहे. काकांनी लगेच विचारले, “कशावरून?”

हा प्रश्न डोळस गटांनी मला क्वचितच विचारला आहे. मोठे झाड समोर दिसले की लोक पाटीवरचा आकडा मान्य करतात आणि पुढे जातात. काकांपुढे फक्त आकडा होता, म्हणून त्यांनी आकड्याचीच झडती घेतली, आणि मला उत्तर नीट मांडावे लागले. थंड प्रदेशातल्या पाइनसारख्या झाडांच्या खोडात दर वर्षी एक वर्तुळ भरते आणि ती वर्तुळे मोजता येतात. आपल्याकडच्या वडात मात्र वर्षाला एक अशी स्पष्ट वर्तुळे भरवशाने मिळत नाहीत. कार्बनच्या चाचणीने वय काढायचे तर खोडाच्या अगदी गाभ्यातले, म्हणजे सर्वांत जुने लाकूड हाती लागावे लागते, आणि जुन्या वडात नेमका गाभाच कुजून गेलेला असतो. राहता राहिला घेर. वृक्षगणनेत तो जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीवर मोजतात. पण वडाच्या पारंब्या बुंध्याला चिकटून वाढतात, त्यात मिसळून जातात, आणि फीत एका खोडाभोवती फिरते आहे की खोड आणि आठ-दहा पारंब्यांच्या मोळीभोवती, हे सांगणे अवघड होते. शिवाय वडाच्या बाबतीत ‘झाडाचे वय’ म्हणजे कशाचे वय, हाही प्रश्नच आहे. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. झाड मात्र तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर आजही पसरते आहे.

“मग ‘आम्हाला माहीत नाही’ असे लिहा की,” काका म्हणाले. मी म्हटले, फलक माझा नाही.

त्यानंतर मी बोलणे आवरते घेतले आणि सगळ्यांना एकेक करून झाडाखाली नेले. आधी लोंबत्या पारंब्या हाती दिल्या. त्यांची टोके ओलसर, मऊ आणि नखाने टोचली तर चिकट चीक येणारी असतात. नंतर नुकतीच जमिनीत रुजलेली बोटभर जाडीची पारंबी दाखवली. रुजल्यावर पारंबीच्या आतले लाकूड आक्रसते आणि ती वरची फांदी व खालची जमीन यांच्यामध्ये ताणली जाते. नखाने छेडली तर तो ताण हाताला लगेच कळतो. त्यापुढची पारंबी मांडीएवढी होती, आणि शेवटची इतकी जाड होती की दोघांनी दोन्ही बाजूंनी हात घातले तेव्हाच बोटांना बोटे लागली. एकाच अवयवाच्या या चार अवस्था आठ-दहा पावलांच्या अंतरात आहेत. मी त्या जागेवर अनेकदा उभा राहून बोललो आहे, पण त्या या क्रमाने कोणाला दाखवाव्यात हे मला तोपर्यंत सुचले नव्हते. वर पिकलेल्या लाल फळांवर तांबट पक्ष्यांचा टुकटुक चालू होता आणि खाली पडलेली फळे पायाखाली चिरडत होती. एका कॉलेजातल्या मुलाने फळ फोडून आतल्या बारीक दाण्यांना बोट लावले आणि फूल कुठे आहे, असे विचारले. फुले त्या फळाच्या आतच असतात आणि एका इवल्या जातीची गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागण करते, हे ऐकल्यावर त्याने उरलेले अर्धे फळ घाईने टाकून दिले.

मापाचा अंदाज यावा म्हणून मी ४२ मीटर लांबीचा दोर नेला होता. तुलेच्या त्या झाडाच्या बुंध्याचा घेर, खाचाखोचांसकट मोजला तर, तेवढा भरतो. बाजूच्या मोकळ्या पटांगणावर दोराचे वर्तुळ मांडून सगळे त्यावरून हात फिरवत चालले. ते झाड म्हणजे एकत्र वाढलेली अनेक झाडे असावीत असा संशय फार काळ होता, परंतु डीएनए चाचणीने ते एकच असल्याचे दाखवले, हेही मी सांगितले. त्याचे वय १,४०० ते १,६०० वर्षांच्या आसपास धरले जाते, हे सांगताना मी ‘धरले जाते’ या शब्दांवर थोडा जोर दिला. बँकेतल्या ताईंनी विचारले, “तिथे हात लावू देतात का?” नाही, त्याला कुंपण आहे. “मग हाच बरा,” असे म्हणून त्या वडाकडे वळल्या.

काका मात्र दोराकडे आलेच नव्हते. ते मूळ बुंध्याशी पारावर बसून साल चाचपत होते. गेल्या वटपौर्णिमेला गुंडाळलेले सूत उन्हापावसाने काळवंडून सालीच्या भेगांत बसले होते आणि त्याच्याखाली त्याहून आधीच्या वर्षांचे थर होते. वेत विणणाऱ्या माणसाला गुंडाळलेली कोणतीही गोष्ट उलगडून पाहिल्याशिवाय राहवत नसावे. त्यांची बोटे त्या थरांखालून खाली सरकत पाराच्या फरशीला टेकली, तिथे जराशी घुटमळली आणि त्यांनी मला हाक मारली. “इथे लोखंड आहे.”

मी वाकून पाहिले तर काही दिसले नाही. त्यांनी माझे बोट धरून नेमक्या जागी ठेवले. फरशी आणि साल यांच्या सांध्यात, सालीच्या जाड ओठाखाली, गंजलेल्या कडीची कमान होती. तर्जनीचे पहिले पेर आत जाईल एवढीच जागा उरली होती, बाकीची कडी झाडाने गिळली होती. गजाची जाडी मधल्या बोटाएवढी असावी. गुरे बांधायला एवढी जाड कडी कोण ठोकतो, असे काका पुटपुटले.

पारावर ऊन खात बसलेल्या एका आजींना मी विचारले. कडीची त्यांना मुळीच नवलाई नव्हती. “भरतीचं पानी हितपर यायचं. माजे सासऱ्यांची होरी हितंच बांदलेली असायची,” त्या म्हणाल्या, आणि हात लांब करून समोरच्या चार मजली इमारतीकडे दाखवले, “तं समदं खाजन होतं.” झाडाचे वय विचारले तेव्हा त्यांनी आकडा दिला नाही. “माजे सासूचे सासूनं पन याच वराला सूत गुंडाललंय,” एवढे सांगून त्या पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसल्या.

काकांनी मग जो हिशेब मांडला तो मी इथे जसाच्या तसा देतो, कारण त्यात मला भर घालण्यासारखे फारच थोडे होते. होडी बांधायची कडी माणूस वाकावे लागणार नाही अशा, निदान मांडीच्या उंचीवर ठोकतो. ती आता पाराच्या फरशीला टेकलेली आहे. “झाड खाली सरकले का?” त्यांनी विचारले. झाड खाली सरकत नाही आणि ठोकलेली वस्तू वरही जात नाही, हे मी सांगितले. खोड जाड होत जाते, पण उंची वाढते ती फक्त शेंड्याकडे, त्यामुळे खिळा ज्या उंचीवर मारला तिथेच राहतो. मग वर आली ती जमीन. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातल्या खाजणांवर, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाऱ्या जमिनींवर, भराव पडले, रस्ते उंच झाले, त्यावर पार बांधला गेला, पारावर फरशी आली. म्हणजे बुंध्याचा दोन-अडीच फूट भाग आज मातीखाली आणि सिमेंटखाली गाडलेला असणार, आणि छातीच्या उंचीवर म्हणून आपण जो घेर मोजतो तो प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच वरच्या खोडाचा घेर आहे. गाडलेल्या बुंध्याला हवा मिळत नाही आणि साल कुजण्याचा धोका वाढतो, ही एक गोष्ट तेवढी मी जोडली. वय यातून ठरत नाही. कडी ठोकली तेव्हा खोड होडीचा ओढा सोसण्याइतके भक्कम होते, आणि ते आजींच्या सासऱ्यांच्या वेळेला किंवा त्याआधी, एवढेच ठरते. पण पाटीवरच्या पाचशेपेक्षा मला हे जास्त पटले.

परतीला वारा समोरून होता आणि ऊन चढले होते. टँडेमवर दोन माणसांचे पाय असले तरी काकांनी त्यांचे पाय बहुधा झाडापाशीच ठेवले असावेत, असा मला संशय आला. विचारण्याचे धाडस झाले नाही.

पुढच्या आठवड्यात मी गावात जाऊन मंडळाच्या एका कार्यकर्त्याला कडी दाखवली. फलकावरचा आकडा काढून तिथे होडीची आणि खाजणाची हकीगत लिहावी, आणि बुंध्याभोवतीची फरशी उखडून माती मोकळी करावी, अशा दोन सूचना मी केल्या. फरशीचे त्याने लगेच मान्य केले. आकड्यावर मात्र तो अडला. “पाचशे लिहिलंय म्हणून तर कोणी कुऱ्हाड लावत नाही, दादा,” तो म्हणाला. “उद्या रस्ता रुंद करायला निघाले, तर शंभर वर्षांच्या झाडाला कोण विचारतो?”

मी त्याला सांगितले की, राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आहे, पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड आता हेरिटेज ट्री ठरते, आणि असे झाड तोडायचेच झाले तर त्याचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावी लागतात. तेव्हा संरक्षणासाठी पाचशेची गरज नाही.

त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे पाचशे लिहिलं तर पाचशे झाडं लावावी लागतील?”

मी म्हटले, पाटीवरचे वय कोणी ग्राह्य धरणार नाही. ते शास्त्रीय अंदाजाने ठरवावे लागेल.

“ते त्यांचं ते ठरवतील,” तो म्हणाला. “आपण पाचशेच ठेवू.”