एक माठ, एक ब्रश, पाच करडे टोन

डिजिटल पेंटिंग शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी ब्रशचे ढीग डाउनलोड होतात आणि रंगांत चित्र बुडतं. माझं ठाम मत आहे, पहिला महिना रंगाला हात लावूच नये. घरातला माठ समोर ठेवा आणि कडक कडेचा एक गोल ब्रश घ्या. शाळेत असताना एलिमेंटरीला वस्तुचित्र काढलं असेल, तर बरीच तयारी झालेलीच आहे.

सॉफ्टवेअर म्हणून क्रिता पुरतं, ते मोफत आहे. पेन टॅब्लेटचा वापरात येणारा भाग आणि मॉनिटर यांचं प्रमाण मात्र आधी जुळवा; मॉनिटर 16:9 असेल तर टॅब्लेटवरही 16:9. हे चुकलं की हातानं नीट गोल काढला तरी पडद्यावर तो चपटा उमटतो, आणि आपण उगाच हाताला दोष देत बसतो. दाब देऊनही रेघ एकाच जाडीची येत असेल, तर टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (विंडोजवर पेनचा दाब वाचायच्या दोन पद्धती) यांपैकी दुसरा पर्याय निवडून क्रिता बंद करून पुन्हा उघडा. ऑटोसेव्ह 5 मिनिटांवर ठेवा, लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

रोज पहिली 10 मिनिटं नुसत्या रेघांची. 2000 × 2000 पिक्सेलचा कॅनव्हास, लांब लांब दोन ठिपके. पेन न टेकवता दोन-तीनदा हवेतच हात फिरवायचा, मग एका दमात ठिपके जोडायचे. स्टॅबिलायझर, म्हणजे थरथरती रेघ आपोआप सरळ करणारी सोय, बंदच ठेवा. रेघ कमानीसारखी वाकते कारण हात मनगटातून फिरतोय. लांब रेघ कोपर-खांद्यातून आली पाहिजे. मग लंबवर्तुळं. त्यांची टोकं अणकुचीदार होतात, तिथे वळण कायम गोलच असतं. आणि जमिनीवर उभ्या असलेल्या रांजणाचं तोंड जेवढं उघडं दिसतं, त्याहून बुडाचं वर्तुळ अधिक उघडं काढायचं, कारण ते डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतं.

आता माठ. तो सकाळी आठच्या किंवा संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावली बुडाशी गोळा होते आणि माठाची गोलाई कळतच नाही.

सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, रंगीतपणा) शून्य करून ब्राइटनेसचे, म्हणजे उजळपणाचे, पाच आकडे ठरवा; हेच आपले पाच करडे टोन: उजेडाकडे 80 आणि 65, सावलीकडे 35 आणि 22, आणि माठ जमिनीला टेकतो त्या फटीला 8. मधे 65 ते 35 अशी मोठी दरी मुद्दाम ठेवली आहे. ओपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) 100, दाबानं फक्त ब्रशचा आकार बदलेल असं ठेवा. स्वतंत्र लेयरवर (चित्राच्या वेगळ्या पारदर्शक थरावर) अख्खा माठ 65 नं भरा, त्या लेयरचा अल्फा लॉक करा, म्हणजे कडेबाहेर रंग जात नाही. मग उजेड संपतो ती सीमा एका वळणात आखून पलीकडचं सगळं 35 करा. डोळे बारीक करून पाहा. इथेच माठ गोल दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढचं काहीही तो गोल करणार नाही.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती परावर्तित उजेडानं. पांढऱ्या फरशीवरून उजेड उसळून माठाच्या सावलीतल्या पोटावर येतो. काळ्या रानमातीवर माठ ठेवला तर हा उजेड जेमतेम दिसतो. शिकणाऱ्याला तो उजेड फार आवडतो आणि तो 60 पर्यंत नेतो. मग माठ कल्हईच्या भांड्यासारखा दिसतो. सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागाहून गडदच राहिला पाहिजे. कोरड्या माठावर पांढरा चमकता ठिपका देऊ नका, त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो. पाझरून ओला झालेला पट्टा मात्र एक टोन गडद करा आणि तिथे बारीक चमक द्या.

मऊ एअरब्रश शेवटी, तोही फक्त उजेड-सावलीच्या सीमेवर. सगळीकडे फिरवला की माठ धुरकट होतो. जमिनीवरच्या सावलीची कडा माठाजवळ धारदार, लांब जाईल तशी मऊ.

असे 10-12 माठ झाले की रंग घ्या. सगळ्यात वर काळ्यानं भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा, चित्र करडं दिसेल. तो लेयर चालू-बंद करत टोन तपासा.

रंगाच्या जोडीला आणखी एक सराव घ्या, वेरूळच्या कैलासाचा. 16 क्रमांकाचं ते लेणं वरून खाली कोरत आणलंय. आपणही तसंच करायचं. ब्राइटनेस 30 च्या करड्या टोनचा एक मोठा चौकोन भरा, कीबोर्डवर ई (E) दाबून ब्रशचाच खोडरबर करा आणि शिखरापासून खाली कोरत या: शिखर, मंडप, मग जोत्यावरचे हत्ती. चित्र पडद्यावर बोटभर उंचीचंच ठेवा, झूम करू नका. झूम केलं की हत्तीच्या सोंडेत वेळ जातो आणि शिखराचा उतार चुकलेला तसाच राहतो. अधूनमधून एम (M) दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं पाहा, कललेली बाजू लगेच डोळ्यात भरते. एका आकाराला 20 मिनिटं पुरेत.